म्हातारा पहारेकरी

घरातील वडीलधारे माणूस हळूहळू निस्तेज होऊ लागले, त्याची अन्नावरची वासना उडाली, की बहुधा एक वाक्य ऐकू येते : ‘वय झाले, आता असे चालावयाचेच.’ हे वाक्य बोलणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. त्यात एक प्रकारची समजूत असते, जे टळणार नाही त्यापुढे मान तुकविण्याची आपली जुनी रीत असते. पुष्कळदा तर ते त्या वृद्धाच्याच तोंडून निघते. परंतु गेल्या साठ-पासष्ट वर्षांत शरीराच्या रोगप्रतिकारक व्यवस्थेविषयी जे ज्ञान हाती आले आहे, त्याच्या उजेडात हे वाक्य तपासून पाहिले तर ते अर्धेच खरे असल्याचे दिसते. आणि त्याचा जो अर्धा भाग खोटा आहे, तो अनेकांच्या जिवावर बेततो.

शरीराच्या या व्यवस्थेला पहारेकऱ्याची उपमा देण्याची पद्धत जुनी आहे. १८८२ साली सिसिली बेटावरील मेसिना येथे एल्या मेचनिकॉफ या रशियन शास्त्रज्ञाने तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या अंगात एक काटा रुतविला आणि दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला त्याला दिसला. परक्या वस्तूवर धावून जाणाऱ्या व तिला गिळू पाहणाऱ्या या भक्षकपेशींच्या शोधासाठी १९०८ साली त्याला नोबेल पारितोषिक लाभले. उत्तरायुष्यात हाच मनुष्य वार्धक्याच्या विचाराकडे वळला. तरुणपणी जंतूंना गिळणाऱ्या याच पेशी म्हातारपणी आपल्याच शरीरातील नाजूक पेशींना गिळू लागतात, असा तर्क त्याने मांडला. आणि त्यावर उपाय म्हणून आंबट दह्याची महती गाइली. तो स्वतः नियमाने तसले दूध घेत असे. तरी १९१६ साली, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, तो निवर्तला. दह्यावर त्याने ठेवलेली भिस्त फाजील होती. पण रक्षकच कालांतराने भक्षक होऊ शकतो, या त्याच्या कल्पनेत सत्याचा अंश होता. तो अंश ओळखावयास पुढे जवळजवळ शंभर वर्षे जावी लागली.

हा पहारेकरी दोन प्रकारचे काम करतो. त्याची पहिली फळी मेचनिकॉफने पाहिली तशी. जो कोणी परका दिसेल त्याच्यावर तुटून पडणारी. दुसरी फळी अधिक सुशिक्षित असते. ती प्रत्येक शत्रूचा चेहरा निरखते, त्याच्याकरिता स्वतंत्र शस्त्र घडविते, आणि लढाई संपल्यावर त्याची आठवण जपून ठेवते. ही आठवण किती दीर्घकाळ टिकते, याचा एक नामांकित दाखला उत्तर अटलांटिक महासागरातील फॅरो बेटांवर मिळाला. १८४६ साली तेथे गोवराची साथ आली, तेव्हा डॅनिश सरकारने पीटर पानुम या तरुण वैद्याला तिकडे धाडले. बेटांची वस्ती पावणेआठ हजारांच्या आसपास. त्यांपैकी सुमारे सहा हजार माणसे अंथरुणाला खिळली. यापूर्वीची गोवराची साथ १७८१ सालची, म्हणजे पासष्ट वर्षांपूर्वीची होती. त्या साथीत बाळपणी गोवर काढलेली जी वृद्ध माणसे हयात होती, त्यांच्यापैकी एकालाही १८४६ मध्ये गोवर झाला नाही, असे पानुमला आढळले. ज्या वृद्धांना पूर्वी तो झाला नव्हता, ती मात्र सुटली नाहीत. मधल्या पासष्ट वर्षांत गोवराचे दर्शनही झालेले नसताना शरीराने त्याची ओळख विसरू दिली नव्हती.

मग म्हातारपणी बिघडते ते काय? बिघडते ते नवे शिकण्याचे सामर्थ्य. छातीच्या पिंजऱ्यात, हृदयाच्या वरच्या अंगाला थायमस नावाची एक लहानशी ग्रंथी असते. मराठी शास्त्रकारांनी तिला ‘यौवनलोपी’ असे फार समर्पक नाव दिले आहे. कारण बाळपणी ती चांगली भरलेली असते आणि वयात येण्याच्या सुमारास तिला ओहोटी लागून पुढे तिच्या जागी बहुतांशी मेदच उरतो. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ही ग्रंथी निरुपयोगी समजली जात होती. १९६१ साली लंडनमध्ये जॅक मिलर या संशोधकाने नुकत्याच जन्मलेल्या उंदरांची ही ग्रंथी काढून टाकून पाहिले, तेव्हा ती पिले साध्यासुध्या जंतूंपुढेही टिकेनाशी झाली. ही ग्रंथी म्हणजे पहारेकऱ्यांची पाठशाळा आहे, असे त्यावरून कळून आले. अस्थिमज्जेतून आलेल्या कोवळ्या पेशी येथे शिक्षण घेतात. ज्या आपल्याच शरीरावर उठतील त्यांना येथेच नाहीसे केले जाते, आणि उरलेल्या शरीरभर पहाऱ्यावर रवाना होतात. पाठशाळा ओस पडू लागली की नव्या पेशींची भरती आटते. तरीही म्हातारपणातील तिचा अवशेष अगदीच टाकाऊ नसतो. हृदयाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी ही ग्रंथी वाटेत येते म्हणून पुष्कळदा काढून टाकली जाते. अशा प्रौढ रुग्णांची पाहणी अमेरिकेतील बोस्टन येथे झाली व तिचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. ग्रंथी काढलेल्यांत पाच वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण शेकडा ८.१ भरले, तशाच शस्त्रक्रिया होऊनही ग्रंथी शाबूत राहिलेल्यांत ते शेकडा २.८ होते.

वृद्ध माणसाच्या स्मरणशक्तीविषयी आपण नेहमी एक गोष्ट पाहतो. साठ वर्षांपूर्वीच्या लग्नातील पंगतीत कोण कोण बसले होते, हे आजोबा बिनचूक सांगतात. सकाळी आलेल्या पाहुण्याचे नाव मात्र त्यांना आठवत नाही. त्यांच्या शरीरातील पहारेकऱ्याची गत नेमकी अशीच असते. १९१८ सालच्या भीषण इन्फ्लुएंझातून वाचलेल्या माणसांच्या रक्तात नव्वद वर्षांनंतरही त्या विषाणूला ओळखणारी द्रव्ये सापडली, असे २००८ साली अमेरिकन संशोधकांनी दाखविले. २००९ साली स्वाइन फ्लू आला तेव्हा त्याचा उपसर्ग वृद्धांना तुलनेने कमी झाला. त्याच्याशी नाते सांगणारा विषाणू त्यांच्यापैकी पुष्कळांच्या शरीराने बाळपणी पाहिलेला होता. परंतु २०२० साली कोविडचा विषाणू आला तो सर्वांनाच अनोळखी. तरुणांच्या शरीराने त्याची ओळख झटपट करून घेतली. वृद्धांच्या शरीराला ती वेळेवर साधली नाही. म्हणूनच त्या साथीत घराघरांतील वडीलधाऱ्यांचा बळी अधिक गेला.

येथवरचे वर्णन ऐकून म्हाताऱ्या पहारेकऱ्याला झोप लागते, एवढाच अर्थ कोणी काढील. पण त्याची दुसरी तऱ्हा याहून विलक्षण आहे. चोर आला की हा डुलक्या घेतो, आणि चोर नसताना रात्रभर काठी आपटून गाव जागे ठेवतो. जखम झाली की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. यालाच दाह म्हणतात. तरुणपणी हा दाह काम आटोपले की शमतो. उतारवयात मात्र तो राखेखालच्या निखाऱ्यासारखा अंगभर धुमसत राहतो. त्याला ना ताप येत, ना वेदना होत. इटालियन शास्त्रज्ञ क्लाउदिओ फ्रांचेस्की यांनी २००० साली या अवस्थेला स्वतंत्र नाव देऊन तिच्याकडे जगाचे लक्ष वेधले. थकलेल्या पण न मरणाऱ्या पेशी, पोटावर साठलेला मेद, कुजणाऱ्या हिरड्या, तंबाखूचा धूर, ही सारी त्या निखाऱ्याची फुंकणी होत. रक्तवाहिन्यांच्या भिंती जाड होणे, मधुमेह बळावणे, सांधे व स्नायू झिजणे, इतकेच काय पण बुद्धी मंदावणे, या वरवर वेगवेगळ्या दिसणाऱ्या व्याधींच्या मुळाशी या धुमसण्याचा काही वाटा असतो, असे आता मानले जाते.

ही केवळ कल्पना नव्हे, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगाने दाखविले. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या दहा हजारांहून अधिक रुग्णांवर तो करण्यात आला. त्यांतील काहींना दाह शमविणारे एक औषध टोचले. त्या औषधाने रक्तातील कोलेस्टेरॉल मुळीच घटले नाही. तरी योग्य मात्रा मिळालेल्यांत हृदयाचे व मेंदूचे नवे झटके आणि त्यांपायी होणारे मृत्यू सुमारे शेकडा पंधराने कमी झाले. पण याच प्रयोगाची दुसरी बाजू अधिक बोधप्रद आहे. औषध घेणाऱ्यांत जंतुसंसर्गाने मृत्यू पावणाऱ्यांची संख्या वाढली आणि एकंदर मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. पहारेकऱ्याचा आरडाओरडा बंद करावयास गेले तर त्याची काठीही हातातून गळते. म्हणून ‘प्रतिकारशक्ती वाढविणारी’ म्हणून बाजारात खपणारी चूर्णे आणि सरबते वृद्धांनी शंकेनेच पाहावीत. ज्या व्यवस्थेचा एक भाग दुबळा आणि दुसरा अतिउत्तेजित झाला आहे, तिला सरसकट ‘वाढविणे’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

या दुहेरी बिघाडाचा सर्वांत घातक परिणाम म्हणजे वृद्धांचे आजार मुकेपणाने येतात. तरुणाला न्यूमोनिया झाला तर थंडी वाजते, ताप चढतो, छातीत कळ येते. सत्तरी-ऐंशीच्या माणसाला तोच न्यूमोनिया झाला तर ताप बेताचा येतो किंवा येतही नाही. तो दोन घास कमी खातो, दिवसा झोपून राहतो, न्हाणीघरात तोल जाऊन पडतो, किंवा संध्याकाळी असंबद्ध बोलू लागतो. मूत्रमार्गातील संसर्गाची कथाही अशीच. घरच्यांना वाटते की म्हातारपणाने भ्रम झाला. आणि ‘वय झाले’ हे वाक्य येथेच उच्चारले जाते. वास्तविक कालपर्यंत शुद्धीवर असलेले माणूस आज अचानक बरळू लागले, तर ते वय नसून बहुधा आजार असतो. कारण वय एका दिवसात होत नाही. ताप नाही म्हणून स्वस्थ बसणे हीच या वेळची मोठी चूक ठरते.

काही शत्रू तर बाहेरून येतच नाहीत. ते आयुष्यभर घरातच दबा धरून बसलेले असतात. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या तरी त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळांशी जिवंत राहतो. पहारा ढिला पडला की तो एका मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर फोड उठवीत बाहेर येतो, हीच नागीण. नागिणीचे तोंड आणि शेपूट कमरेभोवती एकमेकांना मिळाले की माणूस दगावतो, ही समजूत खोटी आहे. पण तिच्यापायी मंत्र घालणे आणि लेप लावणे यांत जे पहिले तीन दिवस जातात, त्याच तीन दिवसांत विषाणूवरील औषध सर्वाधिक गुणकारी असते. ते हुकले तर फोड सुकूनही महिनेच्या महिने अंगाची आग होत राहण्याचा धोका वाढतो. क्षयाचे जंतूही असेच फुफ्फुसात गाठी करून वर्षानुवर्षे निद्रिस्त राहतात. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत क्षयाचे प्रमाण उतारवयाच्या लोकांत अधिक आढळले. त्यात मधुमेहाची जोड असली तर क्षयाचा धोका दुपटी-तिपटीने वाढतो. म्हाताऱ्याचा खोकला वयाचा, त्याचे वजन घटणे वयाचे, असे म्हणत राहिलेल्या घरात नातवंडांनाही क्षयाची बाधा होण्याचा संभव असतो.

दीर्घकालीन व्याधी आणि जंतुसंसर्ग यांचे नाते अशा रीतीने दुपदरी आहे. मधुमेहाने पांढऱ्या पेशी मंद होतात आणि संसर्गाला वाट मिळते. संसर्ग झाला की रक्तातील साखर चढते, हृदयावर ताण येतो. कॅनडातील ऑन्टेरिओ प्रांतात २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, इन्फ्लुएंझाचे निदान झाल्यानंतरच्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा संभव एरवीच्या सहापट असल्याचे दिसले. याचीच उलट बाजू २०२१ साली पुढे आली. झटका येऊन रुग्णालयात दाखल झालेल्यांना तेथेच इन्फ्लुएंझाची लस दिली, तेव्हा वर्षभरातील मृत्यूंचे प्रमाण शेकडा ४.९ होते ते लस मिळालेल्यांत शेकडा २.९ इतके भरले. सर्दीतापाची म्हणून हिणविली जाणारी लस हृदयाच्या औषधांच्या पंक्तीला जाऊन बसली.

आता एक आक्षेप साहजिकच उभा राहतो. म्हातारा पहारेकरी नवे शिकत नसेल, तर त्याला लस देऊन काय साधणार? शास्त्रज्ञांनी या आक्षेपाचे उत्तर अध्यापनाच्या पद्धतीतच शोधले. मंद विद्यार्थ्याला धडा मोठ्याने आणि पुन्हा सांगावा लागतो, तद्वत वृद्धांसाठी चौपट मात्रेची इन्फ्लुएंझाची लस तयार झाली. २०१४ सालच्या प्रयोगात ती साध्या लसीहून सुमारे शेकडा २४ अधिक परिणामकारक ठरली. नागिणीच्या नव्या लसीत तर साबणाप्रमाणे फेस देणाऱ्या, चिली देशातील एका झाडाच्या सालीतून काढलेले द्रव्य मिसळलेले असते. ते झोपलेल्या पेशींना जणू हलवून जागे करते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात सत्तरीपुढील लोकांतही या लसीने दहांपैकी सुमारे नऊ जणांची नागीण टाळली. योग्य रीतीने शिकविले तर म्हातारा पहारेकरी शिकतो, हे त्यावरून सिद्ध झाले.

वेल्समधील एक अनुभव याहूनही थक्क करणारा आहे. तेथे २०१३ च्या सप्टेंबरात नागिणीची त्या वेळची जुनी लस देण्यास आरंभ झाला, तेव्हा २ सप्टेंबर १९३३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेले लोक तिला पात्र ठरले. त्याच्या आदल्या आठवड्यात जन्मलेले कायमचे वगळले गेले. हा निव्वळ सरकारी नियम होता. पण त्यामुळे अवघ्या काही दिवसांच्या अंतराने जन्मलेल्या, इतर सर्व बाबतींत सारख्या असणाऱ्या माणसांचे दोन गट आपोआप पडले. पुढील सात वर्षांचा हिशेब २०२५ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचे निदान सुमारे एक पंचमांशाने कमी झाल्याचे दिसून आले. हे कसे घडते याची उकल अद्याप चालू आहे. तथापि एका कागदावरील तारखेने कोणाच्या आठवणी शाबूत राहाव्यात आणि कोणाच्या पुसल्या जाव्यात, हे राज्यकारभार पाहणाऱ्यांना विचारात पाडणारे आहे.

भारतात २०११ च्या जनगणनेत साठ वर्षांवरील लोकांची संख्या दहा कोटींहून अधिक भरली. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ साली केलेल्या मोठ्या पाहणीनुसार ज्येष्ठांपैकी सुमारे साडेसात कोटी लोक कोणत्या ना कोणत्या दीर्घकालीन विकाराने ग्रस्त होते. त्यांच्यासाठी काहीच होत नाही असे नाही. २०२४ च्या ऑक्टोबरपासून सत्तरीपुढील प्रत्येक नागरिकास, उत्पन्नाची अट न घालता, रुग्णालयातील उपचारासाठी वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण मिळू लागले, ही मोठीच गोष्ट आहे. परंतु हे संरक्षण माणूस रुग्णालयाच्या दाराशी पोहोचल्यावर लागू होते. त्या दाराशी जाण्याची वेळच टळावी म्हणून ज्या लसी आहेत, त्या वृद्धांना बहुधा पदरच्या पैशांनी घ्याव्या लागतात. १९८५ साली सुरू झालेला सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम बालके व गर्भवती स्त्रिया यांना समोर ठेवून आखलेला आहे. आणि नागिणीच्या नव्या लसीची किंमत सामान्य निवृत्तिवेतनात बसणारी नाही.

वृद्धांपर्यंत लस पोहोचविणे व्यवहारात अशक्य आहे असे मात्र कोणी म्हणू नये. १ मार्च २०२१ पासून साठीपुढील नागरिकांना कोविडची लस देण्यास प्रारंभ झाला, तेव्हा शहरांत आणि खेड्यापाड्यांत, मुलाचा किंवा नातीचा हात धरून वृद्ध माणसे केंद्रांवर आली. याद्या झाल्या, नोंदी झाल्या, दुसऱ्या मात्रेची आठवण देणारे संदेश गेले. जी यंत्रणा एका आपत्तीत उभी राहिली, ती निदान इन्फ्लुएंझा व न्यूमोनिया यांच्या लसींसाठी, निदान मधुमेही आणि हृदयरोगी वृद्धांपुरती, दरवर्षी का उभी राहू नये, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

शासनाची वाट न पाहता घरात करण्यासारखेही पुष्कळ आहे. इंग्लंडमध्ये ५५ ते ७९ वयाच्या १२५ हौशी सायकलपटूंची तपासणी झाली. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार त्यांच्या यौवनलोपी ग्रंथीतून नव्या पेशींची भरती जवळजवळ तरुणांइतकीच चालू होती. सर्वांनी सायकली घ्याव्यात असा याचा अर्थ नाही. पण आरामखुर्ची ही म्हातारपणाची मानाची जागा आहे, ही समजूत सोडावयास हवी. रोजचे चालणे, ताटात डाळ-दुधाचा पुरेसा अंश, हिरड्यांची निगा, तंबाखूचा त्याग आणि साखरेवर ताबा, यांनी तो धुमसणारा निखारा मंदावतो. संध्याकाळी आजी रोजच्याइतकी जेवली का, कालच्याइतकी बोलली का, एवढे पाहण्यास तर काहीच खर्च येत नाही. तिच्या शरीराचा पहारेकरी वेळेवर हाळी देत नसेल, तर ती हाळी घरातल्या कोणीतरी दिली पाहिजे.

‘वय झाले’ हे खरेच आहे, आणि ते नाकारण्यात शहाणपण नाही. फक्त त्या वाक्याचा उत्तरार्ध बदलावयास हवा. वय झाले, म्हणून वैद्याला बोलावण्यास एक दिवसही उशीर करून चालणार नाही.